ओलीचा हिशेब

जुलै महिन्यात केळव्याच्या किनाऱ्यावर उभं राहिलं तर ढग डोक्याच्या बरेच वर असतात. तिथून पालघर, मनोर, विक्रमगड करत जव्हारला पोहोचलं की तेच ढग रस्त्यावर उतरलेले दिसतात. हनुमान पॉइंटवरून समोरची दरी दिसत नाही, दहा पावलांवरचं झाड दिसत नाही, अंगातला सदरा पाऊस नसताना ओला होतो. आपण ढगात शिरलो असं आपण म्हणतो. ढग आधी कुठेतरी तयार झाला, वाऱ्याबरोबर आला आणि जव्हारच्या डोंगराला टेकला, अशी आपली समजूत असते. खरी गोष्ट याहून सुंदर आहे. तो ढग तिथेच जन्माला येतो, आणि कोणत्या उंचीवर जन्माला येणार हे किनाऱ्यावर उभं राहून कागदावर मांडता येतं.

समजा किनाऱ्यावर हवा २८ अंश सेल्सिअसची आहे आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के. २८ अंशांना एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण २७ ग्रॅम पाण्याची वाफ राहू शकते. आपल्या हवेत तिच्या ८५ टक्के, म्हणजे २३ ग्रॅम वाफ आहे. ही हवा थंड करत नेली तर सव्वापंचवीस अंशांच्या आसपास एक क्षण असा येतो की २३ ग्रॅम हीच तिची कमाल मर्यादा ठरते. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. त्याच्या खाली गेलं की जादा वाफेला पाणी व्हावंच लागतं. आता हीच हवा नैऋत्येच्या वाऱ्यानं डोंगराकडे ढकलली गेली. वर चढणारी हवा पसरते आणि पसरताना दर शंभर मीटरला जवळजवळ एक अंशानं थंड होते. वर जाताना दवबिंदूही किंचित खाली सरकतो. तो धरून गणित केलं की उत्तर येतं सुमारे ३४० मीटर. जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे. म्हणजे ढगाचा तळ गावाच्या खाली शंभर मीटरवर. जव्हारकर पावसाळाभर ढगात राहतात ते या आकडेमोडीमुळे.

हे गणित मला पहिल्यांदा उमगलं तेव्हापासून मला ते सगळीकडे दिसू लागलं आहे. सगळ्यात अनपेक्षित ठिकाणी दिसलं ते एका काचेच्या दाराच्या कपाटात.

जव्हारहून मोखाडा ओलांडून पुढे गेलं की त्र्यंबकेश्वर आणि मग नाशिक. नाशिकच्या द्राक्षमळ्यांमुळे गेल्या पंचवीसएक वर्षांत मराठी मध्यमवर्गाच्या काही घरांत एक नवं यंत्र शिरलं, वाइन कूलर. दिसायला छोटा फ्रिज, आत फळ्या, तापमान १२ ते १८ अंशांच्या दरम्यान हवं तसं ठेवता येतं. काही हौशी लोक या कपाटात बाटल्यांऐवजी सिगार ठेवतात. सिगार ओढू नये, हे मी स्वच्छ शब्दांत सांगतो. पण त्यांची अडचण मात्र विज्ञानाची अस्सल अडचण आहे, आणि तिच्यातून जे शिकायला मिळतं ते थेट जव्हारच्या कणगीपर्यंत येऊन पोहोचतं.

सिगार म्हणजे गुंडाळलेलं पान. पान भोवतालच्या हवेतून ओल घेतं आणि हवेला परत देतं. फार सुकलं तर तडकतं, फार ओलावलं तर त्याला बुरशी येते. ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता त्याला मानवते. तापमान १८ अंशांच्या आसपास हवं, कारण तंबाखूला लागणारा एक तपकिरी भुंगेरा त्याहून उबदार जागी वाढतो. म्हणजे हवं काय, तर थंडही आणि बेताचं दमटही. फ्रिजचं कपाट हे देईल असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात होतं असं की कपाटाच्या मागच्या भिंतीवर पाण्याचे ओघळ येतात, तळाशी डबकं साचतं, आणि त्याच वेळी आत ठेवलेलं पान कोरडं पडून तडकतं. एकाच बंद खोक्यात पूर आणि दुष्काळ.

कोडं सुटतं ते पुन्हा त्या दवबिंदूनं. कपाटाच्या आतली हवा १८ अंशांची असली तरी तिला थंड करणारा मागचा पत्रा १८ अंशांचा नसतो. कॉम्प्रेसरच्या यंत्रात तो पाच अंशांपर्यंत किंवा त्याहून खाली जातो. हवा त्या पत्र्याला स्पर्श करत फिरते आणि पाच अंशांना जेवढी वाफ राहू शकते त्याहून जास्त असलेली सगळी वाफ त्याच्यावर पाणी होऊन चिकटते. पाच अंशांना ती मर्यादा घनमीटरला ६.८ ग्रॅम. आता हीच हवा पत्र्यापासून दूर येऊन पुन्हा १८ अंशांची झाली. १८ अंशांना मर्यादा आहे १५.४ ग्रॅम, हातात आहेत ६.८. भागाकार केला तर ४४ टक्के. कपाट कोरडं झालं! मग कॉम्प्रेसर थांबतो, पत्रा कोमट होतो, त्याच्यावरचे थेंब पुन्हा वाफ होऊन हवेत येतात आणि आर्द्रता झपाट्यानं वर चढते. दिवसभर हा खालीवर चाललेला खेळ पानाला सोसत नाही.

इथे एक गोष्ट मनात पक्की बसवण्यासारखी आहे. बंद खोक्यातली आर्द्रता त्या खोक्यातली सर्वांत थंड जागा ठरवते. बाकी सगळं, आत ठेवलेली वाटी, ओला स्पंज, भिजवलेलं लाकूड, त्या थंड जागेपुढे हतबल असतं. तुम्ही वाटीत पाणी ठेवाल, ते वाफ होऊन पत्र्यावर जाईल आणि तिथून ओघळून नळीनं बाहेर पडेल. उलट हिशेब मांडून पाहा. १८ अंशांच्या हवेत ६५ टक्के आर्द्रता हवी असेल तर वाफ हवी घनमीटरला दहा ग्रॅम, आणि तेवढ्या वाफेचा दवबिंदू आहे सुमारे ११ अंश. म्हणजे मागचा पत्रा ११ अंशांच्या खाली जाऊ दिला नाही तर ही गळती थांबते. म्हणून अशा कामाला पेल्टिए पद्धतीचं कपाट बरं. दोन वेगळ्या धातूंच्या दोन सांध्यांतून वीज सोडली की एक सांधा थंड आणि दुसरा गरम होतो, हे ज्याँ पेल्टिए या फ्रेंच माणसानं १८३४ मध्ये दाखवलं. या यंत्रात कॉम्प्रेसर नसतो. ते सावकाश, एकसारखं आणि हलकंसं थंड करतं, त्यामुळे पत्रा फार गारठत नाही. त्याची ताकद मात्र बेताची. मे महिन्याच्या काहिलीत ते दमतं.

आणि दार उघडलं तर? जव्हारच्या पावसाळी हवेत, २८ अंश आणि ९० टक्के धरू, शंभर लिटरच्या कपाटात दार उघडताच अडीच ग्रॅमच्या आसपास वाफ शिरते. १८ अंशांना त्यातली दीड ग्रॅमच वाफ राहू शकते. उरलेल्या एक ग्रॅमला थोडं कमी अशा वाफेचं पाणी होणार. एक ग्रॅम म्हणजे काय, चमचाभरही नाही. पण वाफ पाणी होताना उष्णता सोडते, ग्रॅमला सुमारे अडीच हजार ज्यूल. त्या कपाटातली सगळी हवा दहा अंशांनी थंड करायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा या एवढ्याशा वाफेचं पाणी करण्यात खर्च होते. दमट प्रदेशात शीतयंत्र थंड करण्यापेक्षा पिळण्याचंच काम जास्त करतं. आणि हीच उष्णता जव्हारच्या ढगात सुटते तेव्हा ती ढगाला आणखी वर उचलते, आणखी वर आणखी पाणी सुटतं. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस या पठारावर पडतो त्यामागची एक मोठी शक्ती हीच.

हवेत वाफ ‘राहू शकते’ असं मी वर म्हणत आलो, ते बोलण्याची सोय म्हणून. हवा ही काही वाफ धरून ठेवत नाही. हवा पूर्ण काढून टाकली तरी त्या रिकाम्या जागेत, त्या तापमानाला, जवळपास तेवढीच वाफ राहील. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन डाल्टननं हे ओळखलं. पाण्याच्या पृष्ठभागावरून सतत काही रेणू उडत असतात आणि काही परत येऊन बसत असतात. जितके उडतात तितकेच परत येऊ लागले की ती मर्यादा. तापमान वाढलं की उडणारे वाढतात, आणि फार वेगानं वाढतात: शून्य अंशाला मर्यादा पाच ग्रॅमला थोडी कमी, दहाला साडेनऊ, वीसला सतरा, तिसाला तीस. दर दहा-अकरा अंशांना जवळपास दुप्पट. जव्हारचा ढग, कपाटाचा पत्रा आणि आता पुढे येणारी चूल, सगळ्यांचा हिशेब या एका चढत्या रेषेवर आहे.

आर्द्रता मोजायची कशानं? १७८३ मध्ये ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञानं माणसाच्या केसाचा मापक बनवला. केस दमट हवेत लांबतो, कोरड्या हवेत आखूड होतो. तो काट्याला बांधला की काटा फिरतो. आज पाच-सहाशे रुपयांत अंकी मापक मिळतो, पण तो खरं बोलतो का हे तपासायला आजही सर्वांत विश्वासू वस्तू स्वयंपाकघरातच आहे. मीठ. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चिखलासारखं होईल इतकेच थेंब पाणी घाला, ते झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत दिवसभर ठेवा. पिशवीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मुंबईत, मोखाड्यात, मॉस्कोत, तीच. हवा याहून दमट असेल तर मीठ तिच्यातून पाणी ओढून घेतं, कोरडी असेल तर मिठातलं पाणी सुटतं, आणि दोन्हींचा समझोता ७५ वर होतो. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं तेव्हा ते मीठ तुम्हाला सांगत असतं की स्वयंपाकघरातली हवा ७५ च्या वर गेली आहे. दुसऱ्या क्षारांचे आकडे वेगळे. मॅग्नेशियम क्लोराइडचा ३३. सिगारवाले ज्या आर्द्रतेच्या पुड्या विकत आणतात त्यांच्यातही असंच क्षारांचं द्रावण असतं. मिठाचा हा ७५ चा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे शेतकऱ्याच्या कामाला येणार आहे.

तंबाखूच्या त्या भुंगेऱ्याचं एक नातं आपल्या मसाल्याच्या डब्याशीही आहे. साठवलेल्या हळदीला पोखरणारा मुख्य किडा तोच. आणि हळदीसाठी आपल्याकडे जे साठवणीचं तंत्र होतं त्यापुढे मला काचेचं कपाट फिकं वाटतं. सांगलीजवळच्या हरिपूरला, कृष्णेच्या काठच्या घट्ट मातीत, हळद साठवायची पेवं खोदलेली होती. वर अरुंद तोंड, खाली फुगत गेलेलं पोट, तळाशी आणि कडेला पाल्याचा थर, भरून झालं की तोंड मातीनं बंद. जमिनीखाली तापमान दिवसरात्र बदलत नाही, म्हणून आत कुठलीच जागा दुसरीपेक्षा थंड नसते. जिथे थंड जागा नाही तिथे थेंब नाही. शिवाय बंद पेवातला प्राणवायू हळूहळू संपतो, आणि किड्याला श्वास लागतोच. उघडलेल्या पेवात माणूस उतरण्याआधी दिवा सोडून पाहत, तो विझला तर कोणी उतरत नसे. २००५ च्या महापुरानं यातली बरीच पेवं निकामी केली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन हळदीला मिळालं याचा आनंद आहेच. पेवालाही ते मिळायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

जव्हार-मोखाड्यात पेव चालत नाही. मातीचा थर पातळ, खाली बेसाल्टचा कातळ, आणि पावसाळ्यात जमिनीतूनच पाझर फुटतात. इथलं धान्य म्हणजे भात, नागली, वरई, थोडा उडीद, खुरासणी. पीक दिवाळीच्या आगेमागे घरात येतं, आणि त्याची खरी परीक्षा पुढच्या जून ते सप्टेंबरमध्ये असते, जेव्हा बाहेर महिनोन् महिने ९० टक्के आर्द्रता आणि घरातला साठा तळाला लागलेला. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सगळं राज्य हादरलं. त्या मृत्यूंमागे दारिद्र्य, रोजगार, रस्ते, दवाखाने अशी कितीतरी कारणं होती. पण पावसाळ्यातलं प्रत्येक पायली धान्य इथे किती मोलाचं आहे हे त्या नावाशिवाय नीट कळत नाही. बुरशी आलेली नागली फेकणं म्हणजे कोणाच्या तरी ताटातली भाकरी फेकणं, आणि ती न फेकता खाल्ली तर काही बुरशींचं विष पोटात जातं.

धान्याचा दाणा सिगारच्या पानासारखाच हवेशी ओल देतो-घेतो. भाताचा दाणा ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत फार दिवस राहिला तर त्याच्यात १३-१४ टक्के पाणी स्थिरावतं. त्यावर बुरशीचा धोका सुरू होतो. ९० टक्के हवेत हेच पाणी १८ टक्क्यांच्या वर जातं, आणि मग काही आठवड्यांत दाणा काळा पडतो. बियाण्याचं तर याहून नाजूक. कॅलिफोर्निया विद्यापीठातले बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी एक ढोबळ नियम दिला: दाण्यातलं पाणी एक टक्क्यानं कमी केलं की बियाण्याचं आयुष्य दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरवलं तरी दुप्पट होतं. पहिला नियम साधारण ५ ते १४ टक्के ओलीच्या पट्ट्यात चालतो. १४ वरून ११ वर आणलं तर आयुष्य आठपट. उत्तर ध्रुवाजवळ स्वालबार्डला २००८ मध्ये उघडलेल्या बीजकोठारात बियाणं आधी सुकवून, हवाबंद पाकिटात घालून, उणे १८ अंशांना ठेवतात ते या हिशेबानं.

जव्हारच्या बाईनं हाच प्रश्न उलट्या बाजूनं सोडवला, आणि माझं सगळं आश्चर्य तिच्यापाशी येऊन थांबतं. कारवीच्या कुडाला शेणामातीचं लिंपण, वर कौलं किंवा गवत, मधल्या खोलीत चूल, आणि चुलीच्या वर बांबूचा माळा. मक्याची कणसं, वालाच्या शेंगा, वाळलेली दोडकी-पडवळं, गाडग्यात राख मिसळून ठेवलेलं बी, शेणानं लिंपलेली कणगी, सगळं त्या उबेच्या पट्ट्यात. पावसाळ्यात चूल फारशी विझत नाही. आता गणित करा. बाहेर २५ अंश आणि ९० टक्के. तीच हवा घरात आली, चुलीवर गेली आणि माळ्यापाशी ३५ अंशांची झाली. तिच्यात वाफ तेवढीच आहे, एक कणही कमी झालेला नाही. पण ३५ अंशांना मर्यादा इतकी वर सरकते की सापेक्ष आर्द्रता उतरते ५१ टक्क्यांवर. बाहेर ढग लोटतोय आणि माळ्यावर हिवाळ्यातलं कोरडेपण आहे. त्या हवेत भाताचा दाणा १०-११ टक्क्यांवर स्थिरावतो. वीज नाही, पंखा नाही, पत्रा नाही, आणि म्हणून थेंबही नाही.

हॅरिंग्टनच्या नियमानं चुलीच्या उबेची किंमत मोजावी लागते, हे खरं. दहा अंश जास्त म्हणजे बियाण्याचं आयुष्य चौथाईवर. पण बाहेरच्या ओलीत ते बियाणं श्रावणही पाहणार नाही, आणि शेतकऱ्याला दहा वर्षांचं आयुष्य नकोय. त्याला पुढच्या मृगापर्यंत जिवंत अंकुर हवा आहे. या सौद्यात चूल सरळ जिंकते. धुरानं सोंडे आणि पतंग दूर राहतात हा वरचा लाभ. राखेचे बारीक, कोरडे कण किड्याच्या अंगावरचं मेणाचं आवरण खरवडतात आणि तो सुकून मरतो, हा आणखी एक. सह्याद्रीच्या पलीकडच्या उतारावर, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बीजबँक उभी केली आणि २०२० च्या पद्मश्रीनं देशाला तिची ओळख झाली. जव्हार तालुक्यातही बाएफ संस्थेनं स्थानिक भाताच्या वाणांच्या जतनाचं काम केलं आहे. या कामाचा अर्धा गाभा वाण निवडण्यात आहे आणि अर्धा ओलीचा हिशेब सांभाळण्यात.

हा माळा आता जातो आहे, आणि तो जावा याला एक चांगलं कारणही आहे. चुलीच्या धुरानं पिढ्यान् पिढ्या बायकांचे डोळे आणि फुफ्फुसं खाल्ली. गॅस आला, घरकुल आलं, सिमेंटच्या भिंती आल्या, हे हवंच होतं. त्यांच्याबरोबर पत्रा मात्र आला, आणि पत्रा म्हणजे त्या वाइनच्या कपाटातली मागची भिंत. नोव्हेंबरच्या निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. घरातली हवा २० अंशांची आणि ८० टक्के असेल तर दवबिंदू सव्वासोळा-साडेसोळा अंश. पत्रा १५ वर उतरला की पहाटे त्याला आतून घाम फुटतो आणि थेंब पडतात ते नेमके खालच्या भाताच्या पोत्यांवर, नुकत्याच मळलेल्या नव्या भातावर. पत्र्याच्या कोठीतही तेच: दिवसा दाण्यातली ओल उबेनं वर चढते, रात्री झाकणाला थेंब होऊन लागते आणि वरचा थर कुजतो. लोक म्हणतात कोठी गळकी आहे. कोठी कुठेच गळत नसते.

घर बदललं तर साठवणही बदलावी लागते, आणि ते अवघड नाही. धान्य कडक उन्हात सुकवा, मग सावलीत निवू द्या, आणि संध्याकाळची ओलसर हवा उतरण्याआधी हवाबंद ड्रममध्ये किंवा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत काठोकाठ भरा. सुकवलेलं धान्य हवाबंद असेल तर बाहेर ढग असो की पाऊस, त्याला नवी ओल मिळत नाही, आणि पेवासारखा प्राणवायूही संपतो. ओलं धान्य मात्र हवाबंद कधीच करू नका, ते आतल्या आत कुजेल. पोतं भिंतीपासून हातभर दूर, फळीवर, आणि पत्र्याखाली तट्ट्याचं किंवा बांबूचं छत घालून ठेवा, म्हणजे थेंब छतावर थांबतील. थोडं बियाणं फ्रिजमध्ये ठेवत असाल तर बरणी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड बियाण्यावर दमट हवा पडली की त्याचा प्रत्येक दाणा कपाटाचा पत्रा होतो.

सुकलं की नाही हे कळायला दाताखाली दाणा फोडून पाहायची आपली पद्धत चांगली आहे, पण तिला सराव लागतो. त्याऐवजी तो मिठाचा आकडा वापरा. कोरडी काचेची बाटली घ्या, तिच्यात मूठभर धान्य आणि चमचाभर अगदी कोरडं मीठ घाला, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पाव तास थांबा. मीठ ७५ टक्क्यांच्या वरच्याच हवेतून पाणी ओढतं, आणि ७५ टक्के म्हणजे दाण्यात साधारण १५ टक्के ओल. मीठ काचेला चिकटलं तर धान्य अजून ओलं आहे, पुन्हा उन्हात घाला. मीठ सुटं राहिलं तर धान्य १५ च्या खाली आलं. जेवणाच्या धान्याला आणखी एक ऊन द्या, बियाण्याला दोन द्या.

जव्हार, मोखाडा, विक्रमगडमध्ये घरकुलं अजून बांधली जाताहेत. त्यांचे आराखडे करणाऱ्या अभियंत्यांना माझी एवढीच विनंती आहे: पत्र्याखाली तट्ट्याचा एक थर आणि स्वयंपाकघराच्या वर, धुराबाहेर पण उबेत, बांबूचा एक माळा आराखड्यातच दाखवा.